जोशी-अभ्यंकर : नावातून गळून गेलेली माणसं

अमेरिकेतल्या कुठल्या तरी शाळेत गोळीबार झाला की आपल्या पेठेच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला, ज्यांची नातवंडं तिकडे आहेत त्यांचा : "आमच्यापासून लांब आहे, सगळे सुखरूप." दुसरा, बाकीच्यांचा : "आपल्याकडे असलं काही होत नाही बुवा." पहिल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो मेसेज येईपर्यंत त्या आजी-आजोबांचा जीव कसा टांगणीला लागतो हे शेजारी राहून पाहिलंय. लिहितोय ते दुसऱ्याबद्दल.

एक तर हे खरं नाही. ११ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीजवळच्या गुडगावमध्ये एका शाळेत चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्याच शाळेतल्या दोघा विद्यार्थ्यांनी गोळ्या घालून मारलं. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं, घरातून आणलेलं.

आणि बंदूक क्षणभर बाजूला ठेवली, तर खालची गोष्ट पुण्याला नवी आहे का ते सांगा : विद्यार्थ्यांनी आपल्याच वर्गमित्राला मारायचं, मग आणखी माणसं मारायची, आणि सगळ्या शहरातल्या आईबापांनी संध्याकाळी मुलं घरी येईपर्यंत दारात उभं राहायचं. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना आता नाव सांगायची गरज नाही. तरुणांसाठी सांगतो.

टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारी चार मुलं होती. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा. पाचवा, सुहास चांडक, पुढे माफीचा साक्षीदार झाला. १६ जानेवारी १९७६ ते २३ मार्च १९७७ या चौदा महिन्यांत त्यांनी दहा माणसं मारली.

पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला हेगडे नावाचा विद्यार्थी. वडिलांचं कॉलेजमागेच हॉटेल होतं. तो मित्रांबरोबर गेला. घर सोडून जातोय अशी चिठ्ठी त्यांनी त्याच्याकडूनच लिहून घेतली, त्याच रात्री त्याला मारलं आणि मृतदेह पिंपात घालून सारसबागेजवळ पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवला. त्यानंतर वडिलांकडे पैशांची मागणी केली. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, तिघं. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या 'स्मृती' बंगल्यात पाच जणं. त्यात काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे, नव्वदीला टेकलेले विद्वान. त्यांच्या पत्नी, कॉलेजच्या वयाची दोन नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या साठीच्या बाई. शेवटी २३ मार्च १९७७ ला ओळखीतल्याच एका मित्राचा धाकटा भाऊ, गोखले. त्याचा मृतदेह दुसऱ्या दिवशी नदीत सापडला आणि आठवडाभरात, ३० मार्चला, चौघं पकडले गेले. सप्टेंबर १९७८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८३ साली येरवड्यात ती अमलात आली.

एवढा तपशील विकिपीडियावरही मिळतो. मला बोलायचंय ते शहराच्या भीतीबद्दल.

डिसेंबर १९७६ नंतर संध्याकाळी सातलाच पुणं बंद व्हायचं. थिएटरचे शेवटचे खेळ ओस पडले. दाराला आतून साखळी आणि बाहेरचं बघायला काचेचं भोक, ही चीज अनेक मध्यमवर्गीय घरांत त्याच हिवाळ्यात आली. बेल वाजली की आधी "कोण?" आणि मग "कोण मी?" आमची आई तेव्हा कसब्यात नवी सून. ती सांगते, वाड्याचा दिंडी दरवाजा एरवी रात्री दहाला लागायचा, तो दिवेलागणीलाच लागायला लागला. कोणाचा मुलगा क्लासवरून यायचा राहिला, तर अख्ख्या वाड्यातली बिऱ्हाडं चौकात येऊन बसत. ज्याची आई, तिला कोणी एकटं सोडत नसे. तिच्या मते या भीतीत एक समाधानही लपलेलं होतं : ते बंगल्यात एकटे राहत होते, आपण वाड्यात दहा बिऱ्हाडं आहोत. आपल्याकडे कोणी अनोळखी माणूस घुसूच शकत नाही.

शहराच्या भीतीला हा चेहरा होता. अनोळखी माणूस. बाहेरून येणारा, रात्री बेल वाजवणारा. आणि ती सगळी भीती चुकीच्या दाराशी उभी होती.

कारण ही मुलं अनोळखी नव्हती. ती कॉलेजात जात होती, कट्ट्यावर बसत होती, चहा पीत होती. पहिला मुलगा आणि शेवटचा मुलगा, दोघांसाठी कुणी दार फोडलं नाही, बेल वाजवली नाही. त्यांना ओळखीच्या मुलांनीच गाठलं. तिथे साखळीचा काय उपयोग? अटकेनंतर म्हणूनच शहराला दुसरा धक्का बसला, आणि तो पहिल्यापेक्षा खोल होता. तोपर्यंत आईबापांचा प्रश्न होता, "माझ्या पोराला कोणी काही करणार नाही ना?" आता त्याच्या जोडीला दुसरा आला, "माझं पोर कोणाबरोबर फिरतं?" आणि मनातल्या मनात तिसराही, जो कोणीच मोठ्याने विचारला नाही. त्या चौघांनाही आई-वडील होतेच की.

आता नावाकडे बघा. या खटल्याला आपण मारेकऱ्यांच्या नावाने ओळखत नाही, मेलेल्यांच्या नावाने ओळखतो. ही पुण्याची एक चांगली गोष्ट. पण 'जोशी-अभ्यंकर' म्हणताना दहातले सातच मोजले जातात. हेगडे नाही, गोखले नाही. आणि अभ्यंकरांच्या घरात त्या रात्री मेलेल्या घरकाम करणाऱ्या बाईही नाहीत, कारण त्यांचं आडनाव अभ्यंकर नव्हतं.

यातला हेगडे गळाला, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पहिल्या खुनापासून दुसऱ्या घटनेपर्यंत साडेनऊ महिने गेले. त्या साडेनऊ महिन्यांत एक बाप मुलाची वाट बघत होता आणि शहर घाबरलेलं नव्हतं. कॉलेजातला मुलगा नाहीसा झाला, ही त्या घराची अडचण होती, गावाची नाही. त्यात देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. पण सगळा दोष सेन्सॉरवर टाकता येणार नाही. तरुण मुलगा घरातून गेला म्हटलं की आपण आजही काय म्हणतो? "पळून गेला असेल. येईल दोन दिवसांनी." दु:ख सार्वजनिक झालं ते बंगल्यांत रक्त सांडल्यावर.

ही काही एकदाच झालेली गोष्ट नाही. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी पुणे, कोल्हापूर, नाशिक भागातून लहान मुलं पळवली. चोरी करताना ढाल म्हणून ती पोरं वापरायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. तेरा मुलांच्या अपहरणाचा खटला चालला. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. सहा वर्षं पोरं नाहीशी होत होती. त्या सहा वर्षांत कुठल्या शहराने सातला दारं लावली? ती पोरं बहुतेक गरिबाघरची होती, गर्दीतून, देवळाबाहेरून, स्टँडवरून उचललेली. त्यांच्या आया पोलीस ठाण्यात गेल्या असतील तेव्हा त्यांच्याबरोबर चौकात बसायला वाडा नव्हता.

आणि ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. आधी तक्रार नोंदवून घ्यायलाच पालकांना तासन् तास थांबवून ठेवलं, हा त्यांचा आरोप होता. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद पडली. तो उद्रेक गुन्ह्याबद्दल होताच, पण त्या थांबण्याबद्दलही होता.

टेक्सासमधल्या युवाल्डीत २४ मे २०२२ रोजी शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पोलीस ७७ मिनिटं बाहेर थांबले होते आणि आईबाप कुंपणाशी उभे राहून "आत जा" म्हणून ओरडत होते. देश वेगळा, हत्यार वेगळं. पण घाबरलेला पालक काहीतरी सांगतोय आणि समोरचा म्हणतोय "थांबा जरा", हे चित्र मला आपल्याकडचंच वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. घटना घडून गेल्यावर शहर किती रडलं, किती मेणबत्त्या लागल्या, किती दारांना साखळ्या बसल्या, यावर मुलं सुरक्षित होत नाहीत. पहिली तक्रार घेऊन येणाऱ्या पहिल्या पालकाशी आपण कसं वागतो, यावर होतात.

कायदा आता बरा झालाय. १८ वर्षांखालचं मूल हरवलं तर ती अपहरणाची शक्यता मानून एफआयआर नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितलंय. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर आता कायद्यातच आहे. पण १९ वर्षांचा कॉलेजचा मुलगा नाहीसा झाला तर आजही 'मिसिंग'ची नोंद होते आणि वाट बघायला सांगतात. हेगडे त्याच वयाचा होता.

आपल्या हातात काय आहे? तीन गोष्टी. आपल्या पोराच्या शाळेत सखी सावित्री समिती आहे का, आणि ती शेवटची कधी बसली, हे पालकसभेत उभं राहून विचारा. बदलापूरनंतर दोन महिने सगळ्यांनी विचारलं, आता कोणी विचारत नाही. दुसरं, १०९८ हा नंबर मुलांना पाठ करून द्या, अनोळखी माणसाच्या भीतीबरोबरच ओळखीच्या माणसाबद्दलही बोला. आणि तिसरं, पेठेतलं कुणाचं पोर घरी आलं नाही असं कळलं, तर "पळून गेलं असेल" हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. त्या आईबरोबर, त्या बापाबरोबर दोन माणसांनी पोलीस ठाण्यात जा. तो बाप पेठेतला असो, नाहीतर नदीकाठच्या वस्तीतला.

वाडे गेले, इमारती आल्या. दिंडी दरवाजाच्या जागी वॉचमन आणि कॅमेरा आलाय. पण रात्री अकराला पोर आलं नाही म्हणून खाली येऊन उभ्या राहिलेल्या आईशेजारी कोण येऊन बसतं, ते कॅमेऱ्यात बघायला काही हरकत नाही.

ज्यांना १९७६-७७ चा तो हिवाळा आठवतो, त्यांनी जरूर लिहा. विशेषतः जानेवारी ते ऑक्टोबर १९७६ या महिन्यांत कॉलेजातला एक मुलगा नाहीसा झालाय हे तुमच्या घरात कोणाला माहीत होतं का, तेवढं आठवून सांगा.