परदेशी सून: व्हिजिट व्हिसापासून नागरिकत्वापर्यंत

निकाह झाला की सून आपोआप इथली झाली, असं बऱ्याच घरांत समजतात. तसं नाही. टुरिस्ट व्हिसा सहसा बदलून मिळत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न हा त्यातला अपवाद. अशा पत्नीला एन्ट्री व्हिसा मिळू शकतो. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानची असेल तर लाँग टर्म व्हिसा. निकाहनाम्यासोबत विवाह नोंदणीचा दाखलाही काढून ठेवा. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे असते. सिरोंचाच्या माणसाला गडचिरोली गाठायची म्हणजे दोनशेएक किलोमीटर. चंद्रपूरकरांचं त्या मानाने बरं.

नागरिकत्वासाठी १९५५ च्या कायद्याचं कलम ५ लागतं. सात वर्षांचा रहिवास हवा: अर्जाआधीचे सलग बारा महिने, आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. माहेरच्या लांबलेल्या मुक्कामांचा हिशोब इथे होतो.

व्हिसाची मुदत संपण्याआधीच वाढवून घ्या, एक दिवसही चुकवू नका. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाची आई त्या वेळी बेकायदा स्थलांतरित ठरली, तर बाप भारतीय असूनही मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. जन्मदाखला चंद्रपूरचा असला तरी.