फाइलीचं कूळ विचारावं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. चित्राच्या फाइलीचं मात्र जरूर विचारावं. कुठल्या कामाला कोणती फाइल घ्यायची, हे त्यावरूनच कळतं.

जेपेगचं मूळ शोधत गेलं तर एक धागा कर्नाटकात येतो. 1940 साली बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी त्यांनी 1972 मध्ये तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत, तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती पद्धत 1974 मध्ये प्रसिद्ध केली आणि 1992 चं जेपेग मानक तिच्यावरच उभं राहिलं. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, सावकाश बदलणाऱ्या छटा राखायच्या आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून द्यायचे, ही जेपेगची रीत. बीदरच्या किल्ल्याची तटबंदी आणि वरचं आभाळ तिच्यात छान उतरतं, फाइलही हलकी होते.

बिदरी नक्षीच्या बोधचिन्हाला मात्र ही रीत मानवत नाही. बिदरीत जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्याने धातू काळा पडतो, चांदी मात्र लखलखीत राहते. काळं जिथं संपतं तिथंच पांढरं सुरू होतं, मधली छटाच नाही. असं चिन्ह जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये मोठं करून पाहा: तारेच्या दोन्ही अंगांना राखाडी ठिपक्यांची धूळ दिसते.

अशा सपाट रंगांसाठी कॉम्प्युसर्व्ह कंपनीने 1987 मध्ये जिफ काढली होती. तिच्यात रंग 256 च. तिच्या आतल्या, फाइल दाबण्याच्या एलझेडडब्ल्यू पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. डिसेंबर 1994 मध्ये सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे घेण्याचं जाहीर झालं, तेव्हा प्रोग्रामर मंडळींनी एकत्र येऊन सर्वांना मोकळी अशी पीएनजी घडवली. ऑक्टोबर 1996 मध्ये तिला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची मान्यता मिळाली. तिच्यात एकही ठिपका हरवत नाही आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते.

2001 ची एसव्हीजी ठिपके साठवतच नाही. रेघ कुठून निघाली, कुठं वळली, एवढंच ती लिहून ठेवते. म्हणून तेच चिन्ह बोटाएवढं करा की भिंतीएवढं, कड धारदारच राहते. गूगलची 2010 ची वेबपी वेबसाइटवरच्या फोटोंसाठी जेपेगहून सहसा हलकी पडते.

म्हणून फोटोला जेपेग किंवा वेबपी, चिन्हाला एसव्हीजी, आणि ती चालत नसेल तिथं पीएनजी. भालकी-आळंदकडच्या डीटीपीच्या दुकानात मोबाइलवरून फिरत आलेलं जेपेग चिन्ह देऊन ‘पीएनजी करून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. जेपेगने टाकून दिलेलं पीएनजी परत आणत नाही. ती धुळीसकट सगळं जसंच्या तसं जपते. चिन्ह काढून घेतानाच मूळ एसव्हीजी मागून घ्यावी.