देवगिरीचा बुडता पूल

किल्ल्याचा पूल म्हटला की साखळदंडांनी वर ओढून घेतलेला लाकडी पूल आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. युरोपातील नगरदुर्गांच्या चित्रांनी ही कल्पना आपल्या मनात रुजविली. परंतु आमच्या महाराष्ट्रात, यादवांच्या राजधानीत, याहून निराळी युक्ती योजिलेली आढळते. देवगिरीच्या म्हणजेच दौलताबादच्या बालेकिल्ल्याभोवती खडकात कोरलेला खोल खंदक असून त्यापलीकडे डोंगराचा कडा भिंतीसारखा सरळ तासलेला आहे. आत जाण्यास वाट एकच. तीही एका अरुंद पुलावरून.

हा जुना दगडी पूल सपाट नाही. दोन्ही टोकांकडून उभ्या पायऱ्या खाली उतरतात व मधला भाग सखल राहतो. खंदकातील पाण्याची पातळी बंधाऱ्यांच्या योगे राखता येई. संकटसमयी पाणी चढविले की पुलाचा मध्यभाग बुडून जाई. इतरत्र पूल उचलीत. येथे पाणीच उचलले जाई! एका वेळी जेमतेम दोन माणसे चालतील इतकीच त्याची रुंदी. पुढे खडकातून खोदलेली ‘अंधारी’ लागते. तिच्या माथ्यावर लोखंडी झाकण ठेवून त्यावर विस्तव पेटविण्याची सोय होती. म्हणजे पाण्यातून निभावलेल्यास धुराने गाठावे, अशी ही योजना.

एवढे असूनही हा गड पडला, हे विसरून चालणार नाही. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात चालून आला, तेव्हा सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. तो परतून लढला, पण पराभूत झाला. गडावर घाईने चढविलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असे फिरिश्ता सांगतो. रामदेवरायास तह करावा लागला. ज्ञानेश्वरी पूर्ण होऊन त्या वेळी अवघी सहा वर्षे झाली होती. पुढे १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा घातला, तेव्हाही उपासमारीने गांजलेल्या निजामशाहीच्या फत्तेखानाने अखेर गड स्वाधीन केला. कडा दोन्ही वेळी जागच्या जागी होता. उणीव पडली ती कोठारात आणि सावधपणात.

भिलाईत आपण पोलाद घडविणाऱ्या नगरात राहतो. पोलादाचे बळ आपणांस कोणी सांगावयास नको. तथापि भक्कम वस्तूची राखण जागरूक माणसेच करतात, हा देवगिरीचा धडा आपल्या मुलांस आवर्जून सांगावा, असे आम्हांस वाटते. आपल्या पूर्वजांची करामत सांगताना त्यांचा पराभव वगळला, तर ते अर्धेच सांगणे होईल.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद सुमारे १५ किलोमीटरवर आहे. सुटीत गावी जाणाऱ्या कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करावी. आता प्रवासी लोखंडी पुलावरून खंदक ओलांडतात. तेथे क्षणभर थांबून खालच्या त्या जुन्या पायऱ्या मुलांस अवश्य दाखवाव्यात.