गरम पाण्याचा पिंग: सव्वादोन लिटरचा इतिहास

आज इतिहास आहे, पण लढायांचा नाही, नळाचा.

अमेरिकेतल्या बहुतेक घरांत आपल्यासारखा प्रत्येक बाथरूमला वेगळा गिझर नसतो. तळघरात किंवा गॅरेजमध्ये एकच मोठी टाकी, तिथून घरभर पाइप. गरम पाण्याचा नळ उघडला की आधी पाइपात गार होऊन पडलेलं पाणी येतं. ते सरळ मोरीत जातं, आणि ते तापवायला जाळलेला गॅसही वाया जातो.

1992 साली तिथे ऊर्जेचा नवा कायदा आला. 1994 पासून नव्या शॉवरवर मिनिटाला 2.5 गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ लिटरची मर्यादा लागली. पाणी वाचलं, यात वादच नाही. पण पाइपची लांबी-जाडी कोणी बघितली नाही. धार बारीक झाली, पाइपातलं गार पाणी मात्र तेवढंच. मग गरम पाण्यासाठी थांबावं लागणारच ना जास्त! गेम खेळणाऱ्यांना लगेच कळेल: पिंग वाढला.

2006 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 'वॉटरसेन्स' लेबल सुरू केलं. आधी सुट्या वस्तूंसाठी, आणि 2009 मध्ये अख्ख्या नव्या घरांसाठी. इथे मला आवडलेला भाग येतो. टाकी ते नळ या पाइपात जास्तीत जास्त अर्धा गॅलन पाणी मावावं, असा नियम केला. आणि तो नुसता नकाशावर तपासायचा नाही. तपासनीस नळाखाली भांडं धरणार, थर्मामीटर लावणार. 0.6 गॅलन, म्हणजे सव्वादोन लिटर भरायच्या आत पाणी 10 अंश फॅरनहाइटने तापलं तर पास.

अर्धा गॅलन म्हणजे किती पाइप? पाऊण इंची तांब्याचा असेल तर जेमतेम 6 मीटर. अर्धा इंची असेल तर साडेबारा मीटर. म्हणजे नळ कितीही भारी बसवा, बाथरूम टाकीपासून लांब काढलं की गणित फसलं.

एक पळवाट होती. पंप लावून गरम पाणी दिवसभर पाइपात फिरवत ठेवायचं. भांड्याची चाचणी पास, पण ऊर्जेचा चुराडा! म्हणून नुसत्या टायमरवर चालणारे पंप बाद केले. बटण दाबल्यावर किंवा माणूस आल्यावर चालणारे मान्य. आम्ही सॉफ्टवेअरवाले एवढं शिकलोय की एकच आकडा मोजला, तर लोक तो आकडाच जिंकतात.

आपल्याकडे गच्चीवर सोलर असलेल्या इमारतींत हाच प्रश्न आहे. दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत किती बादल्या जातात? उद्या सकाळी नळाखाली बादली आणि मग घेऊन मोजा. ब्रोशरवर 'ग्रीन' छापणं सोपं असतं. खरं काय ते बादली सांगते.

तुमचा आकडा कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!