नाजूक प्रश्न (सर्वेक्षणशास्त्र)

ज्या प्रश्नाचे खरे उत्तर देताना माणसाला लाज, भीती किंवा दुःख सोसावे लागते, असा प्रश्न. उत्पन्न, व्यसन, लैंगिक वर्तन, घरातील मारहाण, अपत्याचा मृत्यू हे त्याचे नेहमीचे विषय. विषय नाजूक आहे म्हणून प्रश्न अपमानकारक ठरतोच असे नाही. शब्दांतून आधीच दिलेला निकाल डोकावला, किंवा उत्तर नको त्या कानांवर पडण्याची धास्ती वाटली, की माणूस दुखावतो. मग तो गप्प बसतो किंवा खोटे सांगतो.

१९९२-९३ पासून होत आलेले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे या बाबतीत बारकाईने अभ्यासावे असे उदाहरण आहे. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याचे काम पाहते. त्यात बाळंतपणांची माहिती घेताना ‘किती मुले वारली?’ या प्रश्नाने सुरुवात होत नाही. आधी बाईजवळ राहणारे मुलगे आणि मुली, मग दुसरीकडे राहणारे मुलगे आणि मुली, आणि त्यानंतर जिवंत जन्मून पुढे दगावलेली मुले, असा क्रम असतो. नाही म्हणणाऱ्या बाईला पुन्हा विचारतात: जन्मल्यावर रडलेले, पण जगू न शकलेले एखादे बाळ होते का? ‘मुले किती?’ एवढेच विचारले, तर सासरी गेलेली मुलगी आणि बारशाआधी गेलेले बाळ दोन्ही हिशेबातून सुटू शकतात. जी मुले आहेत त्यांच्याबद्दल बोलता बोलता बाई नसलेल्या मुलापर्यंत येते. देशाच्या बालमृत्यूदराचे आकडे अशा उत्तरांवरही उभे असतात, त्यामुळे या क्रमाचे मोल केवळ सौजन्यापुरते नाही.

मारहाणीविषयीच्या प्रश्नाचे रूप याच सर्वेक्षणात बदलत गेले. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत मारहाण किंवा वाईट वागणूक झाली का, असा एक सर्वसाधारण प्रश्न होता. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत एकेका कृतीबद्दल विचारले गेले: थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, केस ओढले का, ढकलले का. आपल्यावर ‘अत्याचार’ होतो असे कबूल करणे म्हणजे नवऱ्याला आरोपी ठरवणे, आणि ते अनेकींना जड जाते. घडलेली गोष्ट सांगणे त्या मानाने सोपे असते. हे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, एकांतात विचारले जातात. एकांत मिळाला नाही, तर ते विचारायचेच नाहीत, असा दंडक आहे. शब्द कितीही मऊ असले तरी दाराआड सासू उभी असेल तर त्यांचा उपयोग नाही.

अमेरिकेत ॲल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लैंगिक वर्तनाच्या अभ्यासात उलटी वाट धरली. अमुक कधी केले का, असे न विचारता पहिल्यांदा केव्हा केले, असे ते विचारत. यामुळे कबुलीचा संकोच कमी होतो, पण ज्याने ते केलेलेच नाही त्याच्यावर नकाराचे ओझे पडते. लैंगिक विषयात कदाचित ते चालेल. चोरी किंवा लाच याबाबत असा प्रश्न सरळ आरोपच होईल. ‘बरेच लोक असे करतात’ ही प्रस्तावनाही जपून वापरावी, कारण ती धीर देते तशी उत्तरही सुचवते.

शब्दरचना पुरी पडत नाही तेथे स्टॅन्ली वॉर्नर यांची १९६५ मधील यादृच्छिक उत्तरपद्धती उपयोगी पडते. ‘मी अमुक केले आहे’ आणि ‘मी ते केलेले नाही’ अशा दोन विधानांपैकी एक चकती फिरवून निवडले जाते. कोणते आले ते उत्तर देणाऱ्यालाच दिसते. तो फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. पहिले विधान येण्याची शक्यता ७० टक्के ठेवली आणि खरे प्रमाण २० टक्के असले, तर ३८ टक्के ‘बरोबर’ अपेक्षित असतात. या आकड्यावरून मूळ प्रमाण काढता येते, पण कोणा एकाचे गुपित विचारणाऱ्याला कळत नाही. अंदाज मात्र ढोबळ होतो, म्हणून नमुना बराच मोठा घ्यावा लागतो.