कुंडलिकेच्या पाण्यावरचा विसावा



आपल्या दिंडीतल्या एखाद्या घरचा नातू पुण्या-मुंबईत नोकरीला असतो. दिवसभर खुर्चीत बसून त्याची मान धरते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. सुट्टी जोडून आली की तो रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जातो. पहाटे नदीकाठी योगासने आणि प्राणायाम होतात. मग अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि हातात वल्हे घेऊन रबरी तराफ्यातून कुंडलिका नदीत उतरायचे. यालाच राफ्टिंग म्हणतात. सुमारे १२ किलोमीटरची वाट, मध्ये फेसाळते खळाळ, आणि वाटाड्याच्या एका शब्दावर सगळ्यांनी मिळून वल्ही मारायची. संध्याकाळी काठावर डोळे मिटून शांत बसायचे. घरी आल्यावर तो म्हणतो, “आजी, डोकं मोकळं झालं बघ.”

त्याला हसू नका. खळाळ समोर आला की मनाला उद्याची काळजी करायला सवड राहत नाही. श्वास, हात आणि पाणी एवढेच उरते. शेजारचा कोण, कुठला, हे न विचारता त्याच्या वल्ह्याशी आपले वल्हे जुळवावे लागते. टाळाच्या ठेक्यावर पावली घालणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. एकत्र चालण्याने मन हलके होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पायांनी शिकलो आहोत. तो ते हातांनी शिकतो, इतकेच.

नदी, साधना आणि आरोग्य यांची ही सांगड आपल्या देशात ठळकपणे दिसली ती ऋषिकेशला. मलायातली डॉक्टरकी सोडून आलेले स्वामी शिवानंद १९२४ साली तिथे गंगाकाठी राहिले. आजाऱ्यांची सेवा करता करता त्यांनी योग शिकवला आणि १९३६ साली दिव्य जीवन संघ स्थापन केला. १९६८ साली बीटल्स हे इंग्लंडचे गायक महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला आले आणि ऋषिकेशचे नाव जगभर झाले. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जेटबोटी घेऊन गंगासागरापासून गंगेच्या उलट्या धारेने हिमालयाकडे गेले. पुढे शिवपुरी, कौडियाला या भागात तराफे आले आणि वाळूवर तंबू उभे राहिले. सकाळी योग, दुपारी तराफा असा क्रम रुळला. तंबू इतके वाढले की २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात वाळूवरच्या तंबूंना मनाई केली. मन शुद्ध करायला आलेल्यांचा भार नदीला सोसेना, असा त्याचा अर्थ.

कुंडलिकेची कथा मात्र याहून निराळी आहे, आणि ती वारकऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे.

कोकणातल्या लहान नद्या चैत्र-वैशाखात आटतात. खडक उघडे पडतात, डोहात गुडघाभर पाणी उरते. मग ऐन उन्हाळ्यातही कुंडलिका तराफे वाहून नेण्याइतकी भरून कशी वाहते? कोलाडला तराफे सकाळीच का निघतात? कारण हे पाणी पावसाच्या नव्हे, वीजघराच्या वेळापत्रकाने येते. वर भिऱ्याच्या वीजघरात यंत्रे फिरवून झालेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते. त्या सोडलेल्या पाण्यावर तराफे चालतात. आणि ते पाणी मुळात कुंडलिकेचे नाहीच. ते आहे घाटावरच्या मुळा नदीचे.

मुळा सह्याद्रीत मुळशी खोऱ्यात उगम पावते. आंबेमोहोर तांदळाचे हे खोरे. टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायला घेतले. पूर्वेला जाणारे पाणी अडवायचे, डोंगरातून पश्चिमेला वळवायचे, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे आणि त्या वेगावर मुंबईसाठी वीज करायची, अशी ती योजना. पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात जाणार होती. मावळे शेतकरी उठले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पुढाऱ्यांत विनायकराव भुस्कुटे होते आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापटही होते. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केले. त्यांनी तुरुंगवास भोगला, शेतकऱ्यांच्या बायकाही मागे राहिल्या नाहीत. पण ज्यांच्याकडे जमिनी गहाण होत्या अशा सावकारांना मोबदला हवा होता. एकी टिकली नाही. धरण झाले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली.

आता नकाशावर बोट ठेवा. अडवले नसते तर हे पाणी कुठे गेले असते? मुळेतून पुण्याला, तिथे मुठेला मिळून मुळा-मुठा म्हणून पुढे भीमेला, आणि भीमेतून पंढरपूरला. जिला आपण चंद्रभागा म्हणतो, तिच्या वाळवंटाला. नातू ज्या लाटेवर हसत बसतो, ती एके काळी पांडुरंगाच्या पायाकडे निघालेली होती. आज ती रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते.

हे वाचून त्या पोरांवर रागावण्याचे कारण नाही. त्यांनी पाणी वळवले नाही. वीज आपल्याही घरात जळते. आपल्या चंद्रभागेचेच पाहा. आषाढीला आपण ज्या पाण्यात बुडी मारतो, ते पुष्कळदा वारीसाठी म्हणून उजनीतून सोडलेले असते. त्या उजनीच्या पोटातही गावे आहेत. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही वर डोकावते. नातवाचा विसावा धरणाच्या दाराशी बांधलेला आहे, तसे आपले स्नानही. दोघांच्या शांतीची किंमत तिसऱ्याच कोणीतरी आपले शिवार देऊन चुकवली आहे.

म्हणून प्रश्न तराफा चांगला की पायी वारी चांगली, हा नाही. ज्या पाण्याने माझे मन निवले, ते कोणाच्या वाट्याचे होते, हे मी कधी विचारले का, हा खरा प्रश्न आहे. एकनाथ महाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. पाणी कोणाचे, हे नाथांनी तहानेवरून ठरवले. मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या दुष्काळी खोऱ्याकडे वळवावे की नाही, याची चर्चा शंभर वर्षांनंतरही होते. त्याचा निवाडा जाणत्यांनी करावा. पण चर्चा करणाऱ्यांनी नाथांची कावड आठवली, तर वावगे होणार नाही.

आपल्याला मात्र दोन लहान गोष्टी करता येतील. तुकोबारायांची पालखी आकुर्डीहून पुण्याला जाताना दापोडीजवळ मुळा ओलांडते. तिथे पुलावर क्षणभर पश्चिमेकडे तोंड करून हात जोडा आणि ज्यांची खाचरे बुडाली त्यांना आठवा. दुसरे, नातू कोलाडहून परत आला की त्याला जवळ बसवा. डोके मोकळे झाले म्हणतो, तर ते कोणत्या पाण्याने झाले, हे त्याला सांगा. पुढच्या खेपेला तराफ्यात पाय ठेवण्याआधी तो वाकून त्या पाण्याला हात लावील. आपण चंद्रभागेत उतरताना लावतो ना, तसाच.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!