कोकराच्या वाढीची रेषा

अवर्षणाच्या मुलखातले कोकरू जन्मापासून वर्षभरात कसे वाढते, हे दाखविण्यासाठी मेंढी-संशोधनाच्या दप्तरांत जी वक्ररेषा काढली जाते, तिचे समीकरण कोणा मेंढपाळाने, पशुवैद्याने वा कृषिशास्त्रज्ञाने रचलेले नाही. त्याचा उगम लंडनच्या विमाव्यवहारात, माणसांच्या मृत्यूंच्या हिशेबात आहे.

बेंजामिन गॉम्पर्ट्झ (१७७९–१८६५) हा लंडनचा ज्यू. धर्मामुळे विद्यापीठाचे दरवाजे बंद असल्याने स्वाध्यायाने गणित आत्मसात करून तो १८१९ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला आणि १८२४ मध्ये निघालेल्या अलायन्स कंपनीत विमागणितज्ञ म्हणून रुजू झाला. मृत्यूला तोंड देण्याची माणसाची शक्ती समान काळात समान प्रमाणाने क्षीण होत जाते, आणि म्हणून मरणाची शक्यता वयाबरोबर भूमितीश्रेणीने वाढते, हा सिद्धान्त त्याने १८२५ मध्ये मांडला. वर्षासन कितीला विकावे, विम्याचा हप्ता किती घ्यावा, एवढ्याचपुरते त्याचे प्रयोजन होते.

शंभर वर्षांनी, १९२६ मध्ये, अमेरिकन अनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी हेच सूत्र सजीवांच्या वाढीला लागू पडेल असे सुचविले, आणि १९३२ मध्ये चार्ल्स विन्सर यांनी वाढीची रेषा म्हणून त्याची गणिती चिकित्सा केली. मरणाला थोपविणारी शक्ती जशी ठरावीक प्रमाणाने झिजते, तशीच वाढण्याची शक्तीही झिजते, हे साम्य मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत विलक्षण साम्यांपैकी एक वाटते. पुढे मिझुरीचे ब्रोडी, व्हिएन्नाचे बर्टालनफी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड्स यांची समीकरणेही प्रचारात आली. पण कोकरांच्या वजनांना गॉम्पर्ट्झची रेषा पुष्कळदा चांगली जुळते, म्हणून ती टिकली.

या रेषेत वाढीचा वेग अंतिम वजनाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर शिगेला पोहोचतो आणि तेथून उतरणीला लागतो. तीस किलोंची मेंढी व्हायची असेल, तर हा क्षण सुमारे अकरा किलोंवर, म्हणजे बहुधा कोकरू अजून आईला पीत असतानाच येतो. त्यामुळे कोरड्या मुलखात आईला चारा कमी पडला, की दुष्काळाचा घाव नेमका सर्वांत वेगवान वाढीवर बसतो.

परंतु समीकरणाला वय ठाऊक असते, ऋतू ठाऊक नसतो. राजस्थानात टोंक जिल्ह्यातील अविकानगर येथे १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिच्या परिसरात माळपुरा जातीची मेंढरे पावसाळ्यात हिरव्या चराईवर पोसतात आणि ती सुकली, की खेजडीच्या व बोरीच्या पाल्यावर दिवस काढतात. अशा प्रदेशात दूध तुटल्यावर चारा आटला, तर कोकराचे वजन थबकते, प्रसंगी घटते, आणि पाऊस पडताच ते हरवलेला पल्ला भरून काढू लागते. एकाच वळणाच्या गुळगुळीत रेषेत ही चढउतार मावत नाही. शिवाय जन्म, तीन, सहा, नऊ आणि बारा महिने अशा पाच वजनांवरून समीकरण जे 'अंतिम वजन' काढते, ते दुष्काळी सालात कोकराच्या कुळाचे नसून त्या सालच्या चाऱ्याचे असू शकते. तेवढ्यावरून नर निवडणारा पैदासकार फसतो. म्हणून जन्माचा महिना, पावसाचे मान आणि आईचे वय ही समीकरणाबरोबरच हिशेबात धरावी लागतात, आणि हे करणे मला ऐच्छिक नव्हे, अनिवार्य वाटते.

दख्खनच्या पठारावर ही अडचण आणखी गहन होते. सातारा-फलटणकडचे अनेक धनगर दिवाळीनंतर गवतपाण्याच्या शोधात कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यात पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलखात परततात, तेव्हा एकाच कोकराच्या वाढीत दोन प्रदेश मिसळलेले असतात. त्यात नर कोकरे बहुधा तीन-चार महिन्यांतच बाजारात जातात. रेषेचा वरचा भाग त्यांच्या बाबतीत कधी घडतच नाही, आणि तो केवळ कळपात राखलेल्या माद्यांवरून काढावा लागतो. धनगरांच्या वाड्यावाड्यांतून, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळांतून, वजने गोळा करणाऱ्याने म्हणूनच आधी दूध तुटेपर्यंतची वजने थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने घ्यावीत, आणि त्यांच्याशेजारी मेंढीला पान्हा किती आहे व वाडा त्या दिवशी कोणत्या रानात उतरला आहे, हेही टिपून ठेवावे.